ओव्हाळबाई, शिक्का क्रमांक अडतीस

रत्नमाला ओव्हाळ यांच्यावर अन्याय झाला. कधी? गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. कुठे? सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर. कसा? शिवराई या तांब्याच्या नाण्यावरच्या एका जाडजूड पुस्तकाचं प्रकाशन झालं, प्रती रांगेरांगेतून फिरल्या, बाईंनी चौथं पान उघडलं आणि तिथे छापलेलं होतं : ‘छायाचित्रे : लेखकाच्या संग्रहातून.’

पुस्तकात दोनशेच्या वर छायाचित्रं आहेत. झाडून सगळी बाईंनी काढलेली. म्हणे संग्रहातून! जणू नाणी डबीत बसली होती आणि कंटाळा आला म्हणून त्यांनी एकमेकांचे फोटो काढले.

मी पत्रकं लिहिते. पहिल्या परिच्छेदात कुणावर, कधी, कुठे हे सांगायचं आणि शेवटच्या परिच्छेदात वाचणाऱ्याला काम द्यायचं, एवढं मला येतं. मधल्या जागेत संताप भरायचा असतो. पण या वेळी मधल्या जागेत ओव्हाळबाई आहेत आणि बाई आल्या की संताप टिकत नाही, हसू येतं. माझा नाइलाज आहे.

आमची ओळख एका खड्ड्यामुळे झाली. आम्ही चारपाच जण पायी चालणाऱ्यांच्या हक्कासाठी धडपडतो. कसबा पेठेत एका शाळेसमोर मोठा खड्डा पडला होता. मी त्याचा फोटो काढला, खाली मोठ्या अक्षरात ‘मुलांचे पाय मोडण्याची वाट बघताय का?’ असं टाकलं आणि पत्रक घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एका काकांनी मला अडवलं.

“छान काम करताय. फक्त एक कळलं नाही. हा गतिरोधक काढा म्हणताय की आणखी बसवा म्हणताय?”

मी पत्रक बघितलं. खरंच, खड्डा फुगून वर आला होता. कढईतल्या पुरीसारखा. मी तरातरा झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि छपाई बिघडवली म्हणून मालकाशी भांडायला लागले. माझ्यामागे एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात, हातात कापडी पिशवी. त्यांनी मला न विचारता माझ्या हातातलं पत्रक घेतलं, काउंटरवर ठेवलं आणि उलटं फिरवलं.

“खड्डा,” त्या म्हणाल्या.

खड्डाच होता! परत सुलटं केलं.

“उंचवटा.”

परत उलटं.

“खड्डा.”

मालक यंत्र तसंच चालू ठेवून काउंटरच्या या बाजूला आला. मागच्या रांगेतल्या दोघांनीही माना वाकड्या करून बघितलं.

“सूर्य पाठीशी घेऊन उभी राहिली होतीस ना?” बाईंनी विचारलं.

“हो. तसंच काढायचं असतं ना फोटो?”

“माणसांचा. खड्ड्याचा नाही. तुझ्या फोटोत उजेड खालच्या बाजूने आलाय. डोळ्याला उजेड वरून यायची सवय. सूर्य कधी पायाखालून उगवतो का? मग डोळा आपल्या मनाने अर्थ लावतो आणि फसतो. उद्या सूर्य समोर घे. आणि सातला काढ. दुपारच्या उजेडात खड्डे झोपलेले असतात.”

दुसऱ्या दिवशी सातला मी गेले तर बाई माझ्याआधी खड्ड्यापाशी हजर. माझ्या मोबाइलवर छत्रीची सावली धरून उभ्या. फोटोत तो खड्डा विहिरीसारखा दिसला. मी हरखून गेले. म्हटलं, उद्या आणखी लवकर येते, सूर्य अगदी रस्त्याला टेकलेला असताना, म्हणजे आणखी खोल दिसेल.

“मुळीच नाही,” बाई म्हणाल्या. “उजेड फार खाली नेलास की खडासुद्धा डोंगर दिसतो. आहे तेवढाच दाखव. जास्त दाखवलास तर तो तुझा खड्डा, रस्त्याचा नाही.”

पत्रक पुन्हा छापलं. पंधरा दिवसांत खड्डा बुजला. आणि मी ओव्हाळबाईंच्या घरी जायला लागले.

घर म्हणजे कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत मधोमध टेबल. टेबलावर जुन्या बाजारातून आणलेला, फोटो मोठे करायच्या जुन्या यंत्राचा लोखंडी खांब. खांबाला वरून खाली बघणारा कॅमेरा बांधलेला. कॅमेरा अगदी सरळ खाली बघतोय की नाही, हे बाई कसं ठरवत? टेबलावर एक छोटा आरसा ठेवत आणि कॅमेऱ्यातून बघत. “लेन्सला स्वतःचा डोळा स्वतःच्या मधोमध दिसला पाहिजे. तिरका दिसला तर नाणं लंबगोल. आणि लंबगोल नाणं म्हणजे रद्द.”

पास आणि रद्द. बाईंच्या जगात दोनच जाती. नोकरीभर त्यांनी खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं. हातात माप घ्यायचं, नग त्यात बसवायचा, पास किंवा रद्द. पास झालेल्या नगावर तपासणाऱ्याचा शिक्का. बाईंचा शिक्का क्रमांक अडतीस.

“माझ्या हातून गेलेला नग दहा वर्षांनी, कुठल्या डोंगरावर बिघडला असता तरी अडतीस नंबर कोण हे शोधून मला बोलावता आलं असतं,” त्या एकदा म्हणाल्या.

“बोलावलं कधी?”

“नाही. पण बोलावता आलं असतं.”

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बाई फुशारकी मारतायत. निवृत्त होताना शिक्का परत करावा लागला, तर बाईंनी रबरी शिक्के करणाऱ्याकडून तसाच एक करून घेतला आणि घरभर मारत सुटल्या. लोणच्याच्या बरणीवर अडतीस. दळणाच्या डब्यावर अडतीस. माझं पत्रक दाखवायला नेलं की त्या वाचत, दोन विशेषणं खोडत आणि मागे शिक्का मारत. शिक्का बसेपर्यंत मी छापायला टाकत नसे. आमच्या गटातली मुलं म्हणायची, “अगं, सेन्सॉरकडून आलं का?”

नाण्यांकडे कशा वळलात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “आयुष्यभर गोल वस्तू तपासल्या. आता चौकोनी कुठून आणू?”

त्या फोटो काढताना बघायला बसायचं तर पहिली अट, पंखा बंद. मे महिना असो. पंख्याने टेबल थरथरतं आणि धूळ उडते. दुसरी अट, ट्यूब बंद, पडदा ओढलेला. “दोन रंगांचे उजेड मिसळले की तांब्याला कावीळ होते.” तिसरी अट, टेबलाला टेकायचं नाही. मग पहिला फोटो राखाडी पुठ्ठ्याचा, कॅमेऱ्याला रंगाची शुद्ध यावी म्हणून. मग पेनाच्या टोपणावर नाणं उभं नाही, आडवं ठेवायचं, म्हणजे ते टेबलापासून उचललेलं राहतं आणि त्याची सावली चित्राबाहेर पडते. मग कानातला मळ काढायला वापरतात तसल्या रबरी फुग्याने नाण्यावर फुस्स करून हवा मारायची. मग दिवा.

दिवा घड्याळाच्या हिशोबाने. नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी. दहाच्या काट्यावर दिवा, समोर चारच्या काट्यावर लग्नपत्रिका. हो, लग्नपत्रिका. तिची कोरी पांढरी पाठ नाण्याकडे करून उभी करायची, म्हणजे उजेड तिच्यावर आपटून परत येतो आणि काळ्या पडलेल्या बाजूला थोडा जीव येतो. जाड, गुळगुळीत पत्रिका आली की बाई एक वेळ लग्नाला जायच्या नाहीत, पण पत्रिका जपून ठेवायच्या. एकदा एक पत्रिका उभी करता करता म्हणाल्या, “हे लग्न सहा महिन्यांत मोडलं बघ. पण उजेड अजून काय सुंदर परत देते.”

दिव्याची उंची काडेपेट्यांत मोजायची. चेहरामोहरा शाबूत असलेल्या नाण्याला सहा काडेपेट्या. झिजून गुळगुळीत झालेल्याला दोन. दोनच्या खाली नाही. कॅमेऱ्याचे आकडे त्या पाढ्यासारखे म्हणत : “आयएसओ शंभर. एफ आठ. वेळ लागेल तेवढा लागू दे, नाणं कुठे पळून चाललंय?” बटण दाबून दोन सेकंद हात मागे घ्यायचे. श्वाससुद्धा.

आणि मग झिजलेल्या तांब्यावर, जिथे नुसत्या डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तिथे पडद्यावर अक्षरं उमटत. श्री. राजा. शिव. त्या क्षणी या कडक तपासणी अधिकारी बाई टाळ्या पिटत. “आले, आले, आले!” एसटीतून पाहुणे उतरताना दिसावेत तसं. दरवेळी. शंभरावं नाणं असलं तरी.

चिंचेची गोष्ट सांगते. गल्लीतल्या एका गृहस्थांना आजोबांच्या ट्रंकेत पाच शिवराया सापडल्या. त्यांनी सोमवारी बाईंना आणून दाखवल्या. दाट चॉकलेटी रंग चढलेल्या, अप्रतिम. बाई म्हणाल्या, गुरुवारी या, फोटो काढू. गुरुवारी गृहस्थ, त्यांची बायको आणि सूनबाई असे तिघं आले. सूनबाईंनी रुमाल उघडला आणि खोलीत पाच नवीकोरी बटणं चमकली.

“फोटो काढायचाय ना, म्हणून चिंचेच्या कोळात भिजवून घासली,” सूनबाई कौतुकाने म्हणाल्या. “देवाची भांडी घासते तशी. निघता निघत नव्हतं हो काळं!”

पंखा बंद होताच. आता तर सगळंच बंद झालं. बाईंनी एक नाणं उचललं, दहाच्या काट्यावर धरलं, चारच्या काट्यावर धरलं.

“आंघोळ घातलीत,” त्या म्हणाल्या. “ठीक आहे. आता रंग परत यायला दोनशे वर्षं थांबू. तोपर्यंत चहा घेणार का?”

सूनबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. डोळ्यांत पाणीच आलं. ते बघितल्यावर बाईंचा आवाज बदलला. त्यांनी दिवा उंच नेला, समोर बटर पेपर लावला, चकाकी मवाळ केली आणि पाचही नाण्यांचे फोटो तासभर खपून काढले. पडद्यावर अक्षरं आली तेव्हा सूनबाईंना जवळ बोलावून दाखवली. निघताना बजावलं, “आता यांना हात लावायचा नाही. अगदीच राहवलं नाही तर घरची भांडी घासा.” या सूनबाई पुढे बाईंच्या खास मैत्रीण झाल्या. त्यांच्या माहेरी लग्नं फार होतात. पत्रिकांचा तुटवडा संपला.

आता डॉक्टर. नाव लिहीत नाही. मी लिहिलं होतं, बाईंनी खोडलं. सदाशिव पेठेत दातांचा दवाखाना आणि शिवरायांचं वेड. दोन वर्षं दर गुरुवारी दवाखाना बंद करून ते नाण्यांचा डबा घेऊन बाईंकडे यायचे. दोघांची गट्टी बघण्यासारखी होती. डॉक्टर नाण्यावर वाकले की बाई ओरडायच्या, “डॉक्टर, तोंड मिटा! तुमची वाफ लेन्सवर येते.”

“ओव्हाळबाई, आयुष्यभर मी लोकांना तोंड उघडा म्हणतो...”

“इथे पेशंट तुम्ही आहात. मिटा.”

डॉक्टर मिटायचे. मग दोघं बाकरवडी खात वाद घालायचे की हे अक्षर साच्याचं की झिजेचं. डॉक्टर म्हणायचे, “नाणं हातात घेऊन मला जे दिसत नाही, ते तुमच्या फोटोत दिसतं.” खरंच म्हणायचे. मी ऐकलंय.

म्हणून त्या रविवारी मला वाटलं होतं की बाईंना स्टेजवर बोलावतील. बाईंनाही वाटलं असावं. इस्त्रीची निळी साडी होती. डॉक्टरांनी आभार मानले. मुद्रकाचे, बायकोचे, कार्यक्रमाचा चहा करणाऱ्याचे, स्वतःच्या गुडघ्यांचेसुद्धा. लोक हसले. मग पुस्तक रांगेत आलं आणि अकरा वीसला चौथं पान उघडलं गेलं.

बाईंनी ते वाचलं. पानं उलटायला लागल्या, एकेक चित्र तपासत. एकसष्टाव्या पानावर थांबल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “चल,” म्हणाल्या. चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, अपमानाने.

घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. मथळा : ‘श्रमाची चोरी!’ खाली ‘निर्लज्ज’, ‘उघड दरोडा’, ‘बुद्धिजीवींचा बुरखा’. त्याच दुपारी बाईंकडे नेलं. बाई टेबलापाशी बसल्या होत्या, समोर त्यांची नोंदवही. त्या वहीत प्रत्येक फोटोची नोंद असायची : नाणं कोणतं, दिवा किती काडेपेट्यांवर, कितीच्या काट्यावर, पास की रद्द, रद्द असेल तर कारण.

बाईंनी पत्रक वाचलं. ‘निर्लज्ज’ खोडलं. ‘दरोडा’ खोडला. ‘बुरखा’ खोडला. मग पूर्ण मधला परिच्छेद खोडला.

“बाई, मग उरलं काय?”

“उजेड फार खाली नेलायस,” त्या म्हणाल्या. “हे बघ.”

पुस्तकाचं एकसष्टावं पान त्यांनी पुढे केलं. एका शिवराईचा मोठा फोटो. ‘शिव’ या अक्षरांखाली टाचणीच्या डोक्याएवढा ठसठशीत ठिपका. बाजूला डॉक्टरांनी दीड पान भरून लिहिलं होतं की हा ठिपका आजवर कुणाच्या नोंदीत नाही, हा शिवराईचा नवाच प्रकार आहे.

“अभिनंदन,” मी म्हटलं.

“कसलं डोंबलाचं अभिनंदन? ती धूळ आहे.”

मग त्यांनी वही पुढे केली. नाणं तेच. पहिला फोटो : दोन काडेपेट्या, दहाचा काटा, रद्द. कारण : कण. दुसरा फोटो : दोन काडेपेट्या, दहाचा काटा, पास. झिजलेलं नाणं, म्हणून दिवा अगदी खाली. एवढ्या आडव्या उजेडात रेतीच्या कणाची सावली पडली आणि कणाचा ठिपका झाला. बाईंना तेव्हाच दिसला. त्यांनी फुग्याने तो उडवला, दुसरा फोटो काढला, पास केला. आणि डॉक्टरांना देताना पहिला दिला.

“त्या दिवशी लातूरहून फोन आला होता. नात झाली म्हणून,” बाई म्हणाल्या. “मी नाचत होते इथे. आणि नाचता नाचता रद्द नग पास करून पाठवला. सबंध नोकरीत असं केलं नाही गं मी.”

“पण छापायच्या आधी तुम्हाला पानं दाखवली नाहीत त्यांनी! दाखवली असती तर...”

“तर दिसलं असतं. ती त्यांची चूक. पण आधी माझी. आणि माझी चूक माझी आहे हे मी सांगू कुणाला? चौथ्या पानावर मी नाहीच. उद्या कुणी म्हणालं, हा फोटो चुकलाय, तर कुणाला धरणार? संग्रहाला?” त्यांनी पत्रकावर टकटक केलं. “तुला वाटतं मला नाव हार घालून घ्यायला हवंय. मला नाव धरता यावं म्हणून हवंय.”

बोलावता आलं असतं, हे वाक्य मला त्या दुपारी कळलं.

सोमवारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हसत दार उघडलं. बाईंनी दोन्ही फोटो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टर बघत राहिले. मग कपाटातून डबा काढला, ते नाणं घेतलं, भिंगाखाली धरलं. ठिपका नव्हता. अर्थातच नव्हता.

“मी नाणं परत बघितलंच नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या फोटोत इतकं स्वच्छ दिसत होतं. ओव्हाळबाई, वीस वर्षं असा एखादा ठिपका शोधतोय हो मी.”

“ठिपका तुमचा. धूळ माझी,” बाई म्हणाल्या. “माझी मला परत द्या.”

मला राहवलं नाही. मी विचारलं, नाव का नाही घातलं? डॉक्टर म्हणाले, पुस्तकांत तसंच लिहितात, ‘संग्रहातून’, चाल आहे. मी म्हटलं, चाल कुणी पाडली? आणि आडनाव जोशी असतं तरी चाल अशीच चालली असती का? बाहेर पेशंट दाढ धरून बसला होता, तो कण्हायचा थांबला. मला वाटलं, आता बाई मला ओरडणार.

“प्रश्न सहा काडेपेट्यांवर आहे,” बाई म्हणाल्या. “पास.”

डॉक्टरांनी हातातलं नाणं परत डब्यात ठेवलं. “माहीत नाही,” ते म्हणाले. “विचारच केला नाही. तेच वाईट आहे.” मी त्यांच्यावर चार पानं लिहायला टपलेली बाई, पण या उत्तरापुढे माझं पेन अडलं. आणि मग त्यांनी स्वतःहून कागद ओढला आणि पुस्तकात चिकटवायची चिठ्ठी तिथल्या तिथे लिहायला घेतली. आधी लिहिलं, ‘नजरचुकीने’. बाईंनी खोडलं. डॉक्टरांनी ‘अनवधानाने’ लिहिलं. तेही खोडलं. अखेर चिठ्ठी अशी झाली :

‘छायाचित्रे : रत्नमाला ओव्हाळ. पान ६१ वरचा ठिपका धुळीचा आहे. ही चूक छायाचित्रकाराची.’

बाईंनी खाली शिक्का मारला. अडतीस. मग डॉक्टरांनी पेन परत मागून घेतलं आणि शिक्क्याखाली आणखी एक ओळ घातली : ‘नाणे न बघता लिहिले, ही चूक लेखकाची.’ बाईंनी ती वाचली. एकही शब्द खोडला नाही. “पेशंटला आत घ्या आता,” म्हणाल्या, “दाढ कधीची ठणकतेय त्याची.”

पण पुस्तकं विकली गेली होती. आणि ठिपकाही पसरला होता. पुढच्या रविवारी नाणी जमवणारी मंडळी जमतात तिथे डॉक्टर आणि आम्ही दोघी चिठ्ठ्या घेऊन गेलो, तर जो तो भिंग लावून शिवरायांवर ठिपका शोधत बसलेला. एक टोपीवाले आजोबा धावतच डॉक्टरांकडे आले.

“मिळाली! ठिपकावाली! ही बघा, ‘शिव’च्या बरोबर खाली!”

गर्दी जमली. ठिपका खरंच होता. डॉक्टरांच्या डोळ्यांत पुन्हा आशा चमकली, मी बघितलं. बाईंनी शांतपणे पिशवीतून रबरी फुगा काढला.

फुस्स.

ठिपका गेला.

मग पहिले हसले ते डॉक्टर. डोळे पुसत, खुर्चीला धरून, तोंड एवढं मोठं उघडून की सगळ्या दाढा दिसाव्यात. मग आजोबा. मग सगळे. त्या दिवशी लोकांनी चिठ्ठ्या मागून मागून नेल्या आणि कितीतरी जणांनी बाईंना विचारलं की हा फुगा कुठे मिळतो. चिठ्ठी वाकडी चिकटवलेली दिसली की बाई पुस्तक परत घेत आणि म्हणत, “रद्द. नवी घ्या.”

यंदाच्या मेमध्ये बाई लातूरला लेकीकडे राहायला गेल्या. नात बोलायला लागलीय. शिवाय तिथल्या एका निवृत्त मास्तरांकडे नाण्यांची पेटी आहे म्हणे, चिंच न लागलेली. मी सामान उतरवायला गेले होते. गाद्या, भांडी टेंपोतून पुढे गेली. पण लोखंडी खांब बाईंनी कुणाच्या हाती दिला नाही. चादरीत गुंडाळून, रिक्षात दोन्ही गुडघ्यांमध्ये उभा धरून बसल्या. मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. ज्यांच्या घरी प्रती गेल्या त्यांतले सगळे काही रविवारी येत नाहीत, ते तू बघ, असं म्हणाल्या. रिक्षा सुरू झाली. गल्लीच्या वळणावर बाईंनी डोकं बाहेर काढलं आणि वर, रिकाम्या खोलीच्या खिडकीकडे बोट करून, घामाने निथळणाऱ्या मला ओरडून सांगितलं, “अगं, लाव आता पंखा!”

मी वर गेले आणि लावला. टेबल नव्हतं, थरथरायला काही नव्हतं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून मनसोक्त वारा घेतला.

आता तुमचं काम. तपकिरी कव्हरचं, वर मोठी शिवराई असलेलं ते पुस्तक तुमच्या घरात असेल, तुमच्या काकांच्या कपाटात असेल, तुमच्या गल्लीतल्या वाचनालयात असेल. आत्ता उठा. पान चार उघडा. चिठ्ठीची वाट बघू नका, पेन घ्या. ‘लेखकाच्या संग्रहातून’ यावर काट मारा आणि तिथे लिहा : रत्नमाला ओव्हाळ. मग पान एकसष्ट उघडा, ठिपक्याभोवती गोल करा आणि लिहा : धूळ, ओव्हाळ यांची. दोन्ही लिहायचं. एकच लिहिलंत तर रद्द.